मेश्राम मॅडमचा शनिवार

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा खुर्च्या, कपाटे आणि छताचे पंखे यांच्याबरोबर एका रबरी बाईचीही वाटणी झाली. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना अंथरूण बदलणे, अंग पुसणे, कुशीवर वळवणे शिकवण्यासाठी आमच्या शहरातल्या एका लहानशा प्रशिक्षण विद्यालयात ती बाई एका लोखंडी खाटेवर पडून असे. वाटणीत तिचे धड भंडाऱ्याकडे राहिले. उजवा हात मात्र सुटा होता, स्वतंत्र खोक्यात होता, आणि ते खोके कोणीतरी गोंदियाच्या ट्रकमध्ये चढवून दिले. तो हात परत मागणारी पत्रे पुढे कितीतरी दिवस जात राहिली आणि उत्तरे येत राहिली की, हात मिळाला आहे, धड कधी पाठवता. विद्यालयातल्या ट्यूटर सुशीला मेश्राम यांनी मात्र या पत्रव्यवहारात कधी रस घेतला नाही. ही बाई आता एका हाताने अधू आहे, तिला झंपर घालताना अधू बाजू आधी घालायची, एवढेच त्यांनी मुलींना सांगितले आणि शिकवणे पुढे चालू केले.

मी त्या विद्यालयातली नव्हे. शहरातल्या महाविद्यालयात मी मराठी कविता शिकवत असे, आणि दर शनिवारी दुपारी 'रुग्णाशी संवाद' या विषयासाठी मला तिथे पाहुणी म्हणून बोलावत. कवितेचा आणि बेडपॅनचा संबंध काय, हे बोलावणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. माझा तास संपला की त्याच खोलीत मेश्राम मॅडमचा तास सुरू होई. मी उठून जायला हवे होते. पण त्या खोलीत फिनाइलचा उग्र गारवा आणि उकडलेल्या शिंगाड्यांची ऊब यांचा असा काही मिलाफ असे की माझा पाय निघत नसे. मी मागच्या बाकावर बसून राही. मॅडमनी कधी हरकत घेतली नाही. एकदा फक्त माझ्या हातात शिंगाड्यांनी भरलेले ताट दिले आणि सोलायला सांगितले.

ते सोलणे हा त्यांच्या शिकवण्याचा पाया होता. इथल्या तळ्यांतून पावसाळा सरता सरता शिंगाडे निघतात. काळी, शिंगांची ती फळे उकडली की चिखल आणि दूध यांच्या मधला कुठलासा वास दरवळतो, आणि सोलताना बोटे निळसर काळी होतात. मॅडम शनिवारी मोठ्या डब्यात ते घेऊन येत. शिंगाडे नसत तेव्हा तुरीच्या शेंगा असत, उन्हाळ्यात चिंचा असत. मुली गोल करून बसत, हाताला काम लागे, आणि मग आठवडाभरात वॉर्डात आपल्या हातून काय चुकले ते प्रत्येकीने सांगायचे असे. हात रिकामे असलेल्या माणसाच्या तोंडून खरे निघत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. तो नुसता समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतो आणि सजावट करून बोलतो.

चूक सांगणारीला पहिला प्रश्न एकच असे: काय झालं. त्यानंतर, तुला काय वाटलं. त्यानंतर, पेशंटला काय वाटलं असेल. का झालं, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारायचा नाही. एका मुलीने घाईने तो विचारला, तेव्हा मॅडमनी शिंगाडा खाली ठेवला.

"काहून झालं विचारलं का माणूस वकील होते, बाई," त्या म्हणाल्या. "काय झालं विचार. मंग तो माणूसच राहते."

साकोलीकडच्या एकोडी गावच्या त्या. वडील शेतीतून मोकळे झाले की दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, बायकांची कामे करत, आणि लेकीने तो गळा जसाच्या तसा उचलला होता. शनिवारी कोणी चूक सांगितली की ती नुसती सांगून भागत नसे, करून दाखवावी लागे. आणि रबरी बाईला बाजूला सरकवून त्या खाटेवर पेशंट म्हणून बहुधा स्वतः मॅडम आडव्या होत. कडक इस्त्रीची पांढरी साडी, नाकावर घसरलेला जाड चष्मा, आणि तोंडातून निघणारे कण्हणे मात्र दर वेळी वेगळ्या माणसाचे. बाळंतिणीचे, तापातल्या मुलाचे, नातेवाइकांना घाबरवण्यासाठी कण्हणाऱ्या सासूचे. सासूचे कण्हणे चालू असताना खिडकीबाहेरचा माळी एकदा धावत आत आला होता.

त्यांच्या शिस्तीचे काही परिणाम शहरभर दिसत. इंजेक्शनचा सराव वांग्यांवर होई. सुई टोचण्याआधी पेशंटला सांगायचे, हा नियम. आणि वांग्याला त्यातून सूट नव्हती. प्रणाली नावाची एक धीट, तोंडाळ मुलगी होती. तिने न बोलता सुई खुपसली, तेव्हा मॅडमनी वांग्याला सांगितले का म्हणून विचारले. ते वांगे आहे, असे प्रणालीने नम्रपणे निदर्शनास आणले. आज वांगे आहे, उद्या म्हातारे माणूस असेल, तोंडाला सवय आजच लागते, असे उत्तर आले. मग पंधरवडाभर त्या खोलीतून, जरा टोचन हं, हात ढिला सोडा, झालं झालं, असा कोवळा गजर ऐकू येई आणि जांभळी, तुकतुकीत वांगी निमूट टोचून घेत. पुढे मेसची भाजी आणायला प्रणाली बाजारात गेली. वांगे निबर आहे का ते बघायला तिने अंगठ्याने दाबले आणि तिच्या तोंडून निघून गेले, दुखलं का जी. भाजीवाल्या बाईने तिला वांगी दिली, पण पैसे घेताना तिच्याकडे फार मायेने पाहिले.

मध्यंतरी वरून छापील चिंतनवह्या आल्या. प्रत्येक विद्यार्थिनीने रोज एक अनुभव लिहून त्यावर चिंतन करावे, अशी नवी पद्धत निघाली होती. मॅडमनी त्या निष्ठेने वाटल्या, महिन्याने गोळा केल्या आणि शनिवारी मोठ्याने वाचायला घेतल्या. पहिल्या वहीत लिहिले होते की, आज मला कळले की रुग्णाशी प्रेमाने बोलावे. दुसऱ्या वहीतही त्याच दिवशी तेच कळले होते. तिसरीतही. साऱ्या वर्गाला एकाच तारखेला एकाच गोष्टीचा पश्चात्ताप झाला होता, तोही सारख्याच शब्दांत. आणि मॅडम गंभीर चेहऱ्याने मला विचारत होत्या की ही साथ म्हणून वर कळवावी लागेल का. प्रणालीच्या वहीत तर, "आज प्रणाली माझ्यावर विनाकारण ओरडली, मला फार वाईट वाटले," असे प्रणालीच्याच ठसठशीत अक्षरात होते. मूळ वही वंदनाची होती.

वंदना चिखल्याची. वडील तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत भुयारात उतरत. घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी ती, आणि त्या पहिलेपणाचे ओझे तिच्या चालण्यातही दिसे. जमिनीला आवाज होऊ नये अशी चाले. शनिवारी ती सर्वांत जास्त शिंगाडे सोले आणि सर्वांत कमी बोले. म्हणून, धान कापणीला आले होते त्या दिवसांत एका शनिवारी ती आपणहून बोलायला लागली, तेव्हा सगळ्यांचे हात थांबले.

झाले ते असे होते. शहापूरचे एक म्हातारे बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी वॉर्डात होते. कापणी तोंडावर आहे, तेवढ्यात पोटाचे उरकून द्या, असे म्हणत ते आले होते. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी असल्याची खात्री करायचे काम वंदनाकडे होते. तिने विचारले, बाबा, काही खाल्लं का, पाणी पिलं का. बाबांनी मान हलवून नाही म्हटले. आत टेबलावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचे तोंड उघडून पाहिले, तर गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला, आमच्या भागात पहाटेपासून लोकांच्या गालात मुक्काम करणारा तो खर्रा. त्याचे तुकडे आणि रस घशात उतरलेले. ऑपरेशन पुढे ढकलले गेले, डॉक्टर संतापले, बाबा कापणीच्या काळजीने घरी निघून गेले. वंदनाने सांगितलेली चूक मात्र आणखी बारीक होती. बाबांच्या मुठीत खर्र्याचा प्लास्टिकचा कागद होता, आणि तो तिने पाहिला होता. पाहूनही विचारले नव्हते.

मॅडमनी तिला तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोनांची उत्तरे तिने दिली. दुसऱ्याचे उत्तर नुसते, भीती वाटली, असे होते. मग तिच्या हातात शिंगाडा देण्यात आला आणि पुढची मुलगी बोलू लागली.

गोष्ट तिथेच राहायला हवी होती, पण शहर लहान आहे. डॉक्टरांनी तक्रार केली होती, त्या सकाळी वॉर्डात तीन मुली होत्या, आणि कोणी विचारले होते ते कुठेच नोंदलेले नव्हते. अशात, विद्यालयात दर शनिवारी मुली आपल्या चुका कबूल करतात, ही बातमी एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कानावर गेली. ते साहेब कामाला कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी निरोप धाडला की येत्या शनिवारी ते स्वतः येतील. तोवर मुलीचे नाव मिळाले तर त्या मुलीचे प्रशिक्षण बंद होईल, आणि नाव मिळाले नाही तर शनिवार बंद होईल.

मॅडमनी निरोप आणणाऱ्याला इतकेच सांगितले की, शनिवारी ऐकलेले त्यांना रविवारी आठवत नाही. त्या वाक्याचे विद्यालयात फार कौतुक झाले. मीही केले. वंदनाने तेवढा आठवडा मेसमध्ये कोणाच्या शेजारी बसून जेवण घेतले नाही.

शनिवारी साहेब आले. रुंद, घामेजलेले, जीपच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेले. आपल्यामागून ते चुन्याचा एक थंड, तिखट वास खोलीत घेऊन आले. त्यांना खुर्ची दिली, शिंगाडे दिले. शिंगाडे त्यांनी नको म्हटले. मग मुलींनी आपापल्या चुका सांगायला सुरुवात केली, आणि अशा देखण्या चुका त्या खोलीने कधी ऐकल्या नव्हत्या. एकीने सांगितले की तिने जेवणाची सुट्टी विसरून काम केले. दुसरी पेशंटशी गरजेपेक्षा जास्त गोड बोलली होती. तिसरीचे म्हणणे, आपण हात जरा जास्तच वेळ धुतो. मेश्राम मॅडम मान खाली घालून शिंगाडे सोलत होत्या आणि त्यांचे कान लाल होत चालले होते.

हे तर सगळे नाटक आहे, असे साहेब शेवटी म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. नाटकच आहे, असे त्यांनी मान्य केले. पेशंटचे काम नेहमी त्या स्वतः करतात, पण आज गुडघा धरला आहे. साहेबांना वेळ असेल तर आज त्यांनी करावे. साहेब आधी हसले. मग त्यांनी टोपी काढली, आणि मला वाटते, आमच्या या नाटकवेड्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही पुरुषाला नाटकात काम मिळत असताना नाही म्हणता येत नाही. रबरी बाईला भिंतीकडे सरकवून ते तिच्या खाटेवर आडवे झाले. डोळे मिटले, आणि कोणी न सांगताच कण्हू लागले. वाईट कण्हत नव्हते.

मॅडमनी प्रसंग सांगितला: ऑपरेशनची सकाळ, पेशंट उपाशी हवा. नर्स म्हणून प्रणालीला उभे केले. प्रणालीने पुस्तकात होते तसे, सुरेख विचारले, बाबा, काही खाल्लं का, पाणी पिलं का. साहेबांनी मोठ्या अभिनयाने, क्षीण आवाजात, सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नसल्याचे सांगितले. मग यांना आत न्यायचे का, असे मॅडमनी वर्गाला विचारले. मागच्या भिंतीजवळून वंदना उठली. तिच्या चालण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती खाटेपाशी आली.

"साहेब, तोंड उघडा," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे उघडले. तिचा चेहरा बघून की सवयीने, कोण जाणे, त्यांनी तोंडही उघडले. डाव्या गालात, लालसर, ओला, चांगला मुरलेला खर्रा होता.

कोणी हसले नाही. हसू दाबल्याने एका मुलीच्या मांडीवरचे ताट तेवढे खणखणत खाली गेले. साहेब ताडकन उठून बसले. त्यांची आतापर्यंतची स्वच्छ कचेरीची भाषा कुठल्या कुठे गेली.

"खर्रा काहून खाणं होईन?" ते म्हणाले. "मी का खोटं बोललो का, बाई?"

"नाही साहेब," मॅडम म्हणाल्या. "बाबाबी खोटं नव्हते बोलले."

साहेबांचे तोंड भरलेले होते. ते उठून कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. चूळ भरण्याचा तो भरघोस आवाज चालू असतानाच वंदना त्यांच्या पाठीला उद्देशून म्हणाली की त्या सकाळी वॉर्डात विचारणारी तीच होती, आणि बाबांच्या मुठीतला कागद पाहूनही पुढे न विचारणारीही तीच. तिने नावही सांगितले, आडनावासकट. नळ आणखी काही वेळ वाहत राहिला.

साहेब रुमालाने तोंड पुसत परत आले. त्यांनी टोपी घातली, मग काढून मांडीवर ठेवली. नळ चालू होता, आपल्याला काही ऐकू आले नाही, असे त्यांनी खोलीला सांगितले. आणि जरा थांबून, जमिनीकडे बघत म्हणाले, "पण ज्या कोण्या पोरीनं कागद पाहून बी विचारलं नसन, तिनं काहून नसन विचारलं?"

मॅडमच्या खोलीत तो प्रश्न कोणी विचारायचा नसे. त्या दिवशी त्यांनी तो जाऊ दिला.

"तिले तिचे बाबा आठवले असन जी," वंदना म्हणाली. "बाबाले कोणी तोंड उघडा म्हणते का?"

साहेबांनी मान डोलावली, खूप वेळ डोलावली. मॅडमनी मग साहेबांनाही आपला नेहमीचा प्रश्न विचारला, तोंड उघडायला लावल्यावर त्यांना काय वाटले. आधी राग आला, आणि मग घरात बायकोने पकडल्यासारखे वाटले, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांना पहिला सोललेला शिंगाडा देण्यात आला. यावेळी त्यांनी तो खाल्ला. जाताना सांगून गेले की, ऑपरेशनआधी खर्रा, तंबाखू, सुपारी हे नाव घेऊन विचारत जा आणि तोंड पाहत जा. शनिवारविषयी ते काही बोलले नाहीत, आणि न बोललेले चालू राहते, हे सरकारी कामात सर्वांना ठाऊक असते.

शहापूरचे बाबा कापणी उरकून परत आले. त्यांचे तोंड तपासणाऱ्या मुलीला त्यांनी आनंदाने आ करून दाखवला, असे प्रणालीने मला सांगितले. मी मेश्राम मॅडमचे पुन्हा एकदा तोंडभर कौतुक केले, त्या वाक्यासाठी, त्या धैर्यासाठी. त्या नुसत्या चष्मा पुसत राहिल्या.

पुढच्या शनिवारी, माझी बदली होण्याआधीच्या माझ्या तिथल्या शेवटच्या शनिवारी, त्यांनी मुलींना गोल बसू दिले आणि स्वतः नेहमीच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. चूक सांगणारी मुलगी जिथे बसे तिथे, खाटेच्या कडेवर, त्या चढून बसल्या. उन्हे तिरपी झाली होती, त्यांच्या साडीचा पांढरा रंग पिवळसर दिसत होता. आज आपल्याला बोलायचे आहे, असे म्हणाल्या. साहेब यायचे होते त्या सकाळी त्यांना आपला शनिवार डोळ्यांपुढे दिसू लागला, आणि या मुली, आणि यांच्यानंतर येणाऱ्या मुली. एका मुलीपायी हे सगळे जाईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

"मी नाव सांगाले साहेबाले फोन केला," त्या म्हणाल्या. "दोनदा केला. लाईन बिझी होती."

कुठेतरी एक साल ताटात पडली. वंदनाने हातातला शिंगाडा सोलायला घेतला.

"लागला असता तर?" तिने विचारले.

"सांगतलं असतं."

खोलीत फिनाइलचा वास एकदम दाट झाल्यासारखा वाटला. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुली आणि पन्नाशी ओलांडलेली त्यांची मॅडम, कोणी कोणाकडे बघत नव्हते. वंदनाने शिंगाडा सोलून पूर्ण केला, त्यावरचा पातळ पापुद्राही नखाने काढला, आणि तो पांढरा गर मॅडमच्या तळहातावर ठेवला.

"तुमच्या जागी मी राहिली असती तर मीबी सांगतलं असतं जी," ती म्हणाली. "पण प्रणालीचं नाव सांगतलं असतं."

प्रणालीचा आवाज आधी आला, मग सगळ्यांचे हसणे, मग प्रणालीच्याच हसण्याचा भोंगा. त्या गदारोळात मी ताट ठेवून दाराशी आले आणि वळून पाहिले. मेश्राम मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकला होता, एका हातात तो शिंगाडा न खाता तसाच धरलेला. दुसऱ्या हाताने त्या डोळे पुसत होत्या आणि हसण्याने इतक्या हलत होत्या की जमिनीला न पोचणारे त्यांचे पाय हवेत झुलत होते.